काही दिसू नये म्हणून

शनि. ८ नोव्हें., मिरजगाव
लेसर आणि फायबरचं वेटोळं कॉलेजातून सही करून आणलं. एस.टी.त मांडीवर. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लोणचं हाय का?" हो म्हणून टाकलं.

वाटभर तो प्रयोगच डोळ्यांपुढे. परदेशात, जमिनीखाली, अतिथंड द्रव आरगॉनचं आपल्या घरापेक्षा मोठं भांडं. आत मिट्ट काळोख. एखादा कण येईल, क्षणभर चमक उठेल, ती टिपायला सेन्सर टपलेले. विजेचा दाब एवढा की तिथे तांब्याची तार चालत नाही. म्हणून सेन्सरची वीजही फायबरमधून, उजेड म्हणून पाठवायची. निरोपही उजेडानेच परत. फक्त वाटेत सांडता कामा नये. फायबरवरचं काळं आवरण, ते माझं काम. पास झालं तर बसवायला मीच जायचं.

आई म्हणाली, "दोन वर्षं?" आणि भाकरी थापत राहिली.

रवि. ९
जनावरांच्या डॉक्टरांकडून थर्मासात द्रव नायट्रोजन आणला. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. "सांभाळून, मॅडम. गावच्या म्हशी त्याच्यावर हायेत."

मागच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट. लेसर लावला. सरळ फायबर उत्तम, कुठेच गळती नाही. थर्मासात मावेना, म्हणून गुंडाळून नायट्रोजनमध्ये सोडलं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात वळणावर जांभळट रेघ! नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. इतकी सुंदर की बघतच राहिले. मग रडले.

"तुला काय दिसाया पायजे हुतं?" आईने विचारलं.
"काहीच नाही."
"मग दिसलं म्हून रडतीस व्हय?"

गुरु. १३, नगर
परदेशातल्या प्रयोगाच्या गटाला खरं ते कळवलं. गळतं. उत्तर आलं: गारठ्यात वाकवून कुणीच पाहिलं नव्हतं. जाड आवरणाचा तुकडा तपासा, मग ठरवू.

तासाला शिकवता शिकवता एकच समीकरण दोनदा लिहिलं. पोरं हसली. मला जायचंय. फार जायचंय. पण आई एकटी...

रवि. १६, मिरजगाव
जाड तुकडा, घट्ट गुंडाळून. दोघींना लेसरचे चष्मे. लेसर सुरू. माझ्या एका हातात थर्मास, दुसऱ्यात फायबर, म्हणून मोबाईल आईकडे. पांढरी वाफ जमिनीवरून तिच्या पावलांशी गेली. ढगात उभी असल्यासारखी आई. मोबाईलच्या पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर. मला पडदा दिसत नव्हता.

बराच वेळ बघत राहिली.

"न्हाई दिसत काई," म्हणाली. "जा तू."

उद्या कॉलेजातल्या यंत्रावर मोजलं की कळेलच. स्वतः न बघताच लेसर बंद केला, गोणपाट काढलं. मोबाईल अजून तिच्याच हातात आहे. मी मागितलेला नाही.