सहाव्या मजल्यावरची मांदेली

हाटकेश, मीरा रोड
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, दुपारी ४ वाजून ५० मिनिटे. मार्सेलिन मावशींसाठी मोसंबी सोलून झाली, बिया मोजून काढल्या, हात धुतले.

ती. दाजी यांस,

निकेतचा नमस्कार. तुमची कंबर, स्वातीताईचा थायरॉईड आणि भाईंदरच्या बाजारातला मासळीचा गाळा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (फोन करत नाही, कारण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही हसता. पत्र मंदाकाकू बाजारात येताना देतील.)

मी ज्यांना सांभाळतोय त्या मार्सेलिन मावशी मूळच्या उत्तनच्या. अर्धांगवायूनं त्यांचे शब्द गेले, आवाज तेवढा राहिला. मुलगा एल्टन दोह्याला; त्याला रोज इंग्रजीत रिपोर्ट लागतो. मावशी रोज चार वाजता बाल्कनीत लांब सूर काढतात, म्हणून मी ‘क्राय’ लिहिलं. लगेच फोन, “रडते की ओरडते? नीट लिही ना!” मग शब्दकोश आणला. दाजी, इंग्रजांनी रडण्याची केवढी वर्गवारी केलीय! वीप म्हणजे नुसते डोळे, सॉब म्हणजे हुंदके, व्हिम्पर म्हणजे कुंईकुंई (यात कुत्रंही आलं), कॉल आउट म्हणजे हाक. तीन दिवस घड्याळ लावून ऐकलं. सूर लांब, शेवट वर चढलेला, म्हणून ‘वेल’ लिहिलं, म्हणजे मयताला करतात तो आक्रोश. (देवमाशाचं स्पेलिंग वेगळं, दोनदा तपासलं.) एल्टननं शनिवारचं तिकीट काढलं आणि आईसाठी वसईच्या एका आश्रमात खोलीही ठरवली.

मंगळवारी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाकाकू, हातात पिशवी. “मांदेली कशी दिली गो?”

मी म्हटलं, “काकू, इथे पेशंट आहे.”

“अरे येड्या, गोडदेवात ही टोपली घेऊन यायची, वीस वर्षं याच हाकेवर पातेलं घेऊन धावायचे मी! शब्द नसले म्हणून काय झालं?”

मावशींनी चांगल्या हाताची पाच बोटं दाखवली, मग तीन. वाट्याचे ऐंशी. काकूंनी पन्नास दाखवले. मावशींनी तोंडच फिरवलं. साठवर सौदा पटला. टोपली मात्र नव्हती.

त्याच दिवशी मी ‘कॉल आउट’ लिहिलं. एल्टन म्हणाला, “आधी वेल, आता हाक? नोकरी जाईल म्हणून शब्द बदलतोयस.” त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. काल त्यानं आश्रमाचं मावशींना फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या आवाज न करता रडल्या. त्याला इंग्रजी शब्द मला येत होता, लिहिला नाही. सहा महिन्यांतली ही माझी पहिली गाळलेली नोंद.

आज चार वाजून गेले, हाक आली नाही.

तुमचा,
निकेत

ता. क. शनिवारी चारला, एल्टनसमोर, टोपलीभर मांदेली घेऊन या. वर टॉवेल टाका. सोसायटीच्या सेक्रेटरी मितेशभाईंनी विचारलं तर औषध आहे म्हणा.

ता. क. २. शब्दकोश, खर्च १८५. तीन मजल्यांवरून मांदेलीच्या आठ वाट्यांचा ॲडव्हान्स जमा ४८०, तो तुम्हाला देणे. एल्टनकडून येणे, वाट्याचे ऐंशी. मुलाला सूट आहे का, असं मी मावशींना आत्ताच विचारलं. त्यांनी पाच बोटं दाखवली, मग तीन.