मागची भिंत

१२ ऑक्टोबर

मशीनची जागा ठरली! मागच्या खोलीत, पुढच्या खोलीकडच्या मधल्या भिंतीला चिकटून. संगणकावर आराखडा सगळीकडे फिरवून पाहिला – दुसरीकडे बसतच नाही. समोर मागच्या भिंतीला आईची बाज.

लोखंड कापणारं सीएनसी मशीन घरी बनवायचं तर आधी ओटा. मोटरी, स्क्रू, रूळ सगळं नंतर. ओटा केसभर जरी हलला तरी वरचं प्रत्येक माप खोटं. पेरणीयंत्राचे भाग खोट्या मापाचे देणार का मी? नाही.

माझे वडील, आबा, गवंडी. हे घर त्यांनीच बांधलं. शाळेत जायच्या आधी मी आकडे त्यांच्या टेपवरच शिकले. आज खणता खणता म्हणाले, "मशीन बसवायलीस का हीर पाडायलीस?"

१६ ऑक्टोबर

काँक्रीट ओतलं. काळी माती अजून ओलीच. खड्ड्याच्या कडा ढासळत होत्या.

२ नोव्हेंबर

ओट्यावर रोज भरपूर पाणी मारते आहे. मजबुतीत कसर नको.

ओट्यावर एक लांब सळई पक्की केली, समोरच्या भिंतीपर्यंत. टोकाला डायल गेज. भिंत आणि ओटा यांच्यातलं अंतर जरा बदललं तरी काटा सांगेल. काटा हलला नाही, तर पुढची खरेदी.

५ नोव्हेंबर

काटा सरकला.

६ नोव्हेंबर

पुन्हा. त्याच बाजूला. अंतर वाढतंय!

उन्हानं सळई लांबते, म्हणून पहाटेच पाहते. ओट्यावर लेव्हल ठेवली. मग उलटी करून ठेवली, आबांनी शिकवल्याप्रमाणे. दोन्ही वेळा बुडबुडा मधोमध. म्हणजे ओटा जागेवर आहे.

मग हलतंय काय? मागची भिंत. बाहेर कलते आहे. आणि आई तिच्याच पायाशी झोपते.

८ नोव्हेंबर

आबांना सांगितलं. त्यांनीच बांधलेली भिंत – कसं सांगायचं! त्यांनी ओळंबा आणला, लावला. "बघ तूच. सरळ हाय."

सरळच होता. मी म्हटलं, "ओळंब्याला केसभर दिसत नाही, आबा."

"ही भिंत तुज्यासंगं वाढलीय पोरी. तुजा काटा कालचा."

सिद्धोधनदादा जिनिंगवरून आला होता, अंगभर कापूस. "का इंजिनीअरबाई, घराला बीपी झालाय का? गोळी चालू करावी का?"

आई म्हणे, "तिला लहानपणापासून वहमच हाय. कडी लावली का बघायला चारदा उठती."

उठते. खरं आहे. पण काटा माझ्यासारखा भित्रा नाही.

११ नोव्हेंबर

मधल्या भिंतीतलं दार अडकलं. दादाने खांदा लावून उघडलं. म्हणाला, "पाण्यानं लाकूड फुगलंय." मला तसं वाटत नाही. मागची भिंत सगळं घर आपल्याकडे ओढते आहे.

जेवण जात नाही. मी चुकत असेन, असंच होऊ दे.

१३ नोव्हेंबर

पहाटे गेले तर आबा माझ्याआधीच काट्यापुढे उकिडवे बसलेले. चष्मा कपाळावर, नाक काट्याला टेकलेलं. म्हणाले, "माप हाय तर हाय. तिथं आपल्या मनाचं धरायचं नसतंय."

त्यांच्याकडे बघवेना.

दादा आणि आबा बाज उचलून पुढच्या खोलीत घेऊन गेले. कुठे ठेवू, आबांनी विचारलं. मी जागा दाखवली – मधल्या भिंतीला लावून. मागच्या भिंतीपासून लांब, वाऱ्याला आडोसा.

आई कुरकुरली, "आता घरातल्या घरात बदली व्हय माजी!" दादा म्हणाला, "प्रमोशनवर चाललीस आई, पुढच्या खोलीत."

किती दिवसांनी मी हसले.

१४ नोव्हेंबर

काटा एकदम खूप सरकला. बरं झालं बाज हलवली! बरं झालं!

१६ नोव्हेंबर, परभणी, दवाखाना

मागची भिंत उभी आहे. मधली पडली.

हलत होता तो ओटा. मी पाजलेल्या पाण्यानं माती फुगली आणि तिनं ओटा न कलता, अख्खाच्या अख्खा, मधल्या भिंतीवर रेटला. मी फक्त अंतर मोजलं. दोघांतलं कोण सरकतंय, ते काटा सांगत नाही.

आई अजून डोळे उघडत नाही.

पंचफुलामावशी पूर्णेहून आली. दारातूनच ओरडली, "अगं, बाज तिथं कुणी ठिवली होती?"

मी तोंड उघडलं. काही बोलायच्या आधीच आबा म्हणाले,

"म्या."