बोर्डावर एकच शब्द

३ मार्च, सकाळी ६
आजपासून स्वतःची कंपनी. चौदा वर्षं जाहिरात कंपनीत दुसऱ्यांच्या साबणांवर शब्द उधळले. आता लहान दुकानांना मोठं करायचं. रोज सहाला उठणार. साहेब म्हणाले, खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवतो. मी हसलो. बायको हसली नाही. तिची अट : महिन्यात एक तरी गिऱ्हाईक खूश होऊन परत यायला हवं, नाहीतर मुकाट्याने ऑफिस.

४ मार्च, सकाळी १०
क्रिएटिव्ह माणसाला झोप हवीच.
पहिला क्लायंट मिळाला : सासरे. त्यांची लॉन्ड्री. बोर्डावर वर्षानुवर्षं तेच, 'कपडे धुलाई व इस्त्री'. विचारलं, यात स्टोरी कुठे आहे? म्हणाले, जावईबापू, स्टोरी नाही, कपडे आहेत. मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही.

९ मार्च
बोर्ड तयार. राखाडी पाटी, कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकच शब्द : 'पुन्हा.' एकट्या पूर्णविरामावर दोन दिवस गेले. सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, उरलेलं कधी लिहिणार? बायको म्हणाली, बाबा, झालंय त्याचं लिहून.

११ मार्च
जबरदस्त प्रतिसाद! तिघं आत आले. एकाने कॉफी मागितली. एका बाईंनी विचारलं, मोडलेली लग्नं इथे जुळवतात का. तिसऱ्याला पत्ता हवा होता. कपडे कुणी आणले नाहीत, पण लोक थांबून वाचतात. याला ब्रँडबद्दलचं कुतूहल म्हणतात. सासरे म्हणाले, आम्ही याला दुकान बसणं म्हणतो.

१७ मार्च
दुकानात शांतता. इस्त्रीवाले दोघे पत्ते खेळतात. प्रीमियम ब्रँड गर्दी टाळतात, हे सासऱ्यांना समजावलं. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. घरी बायकोने ताट वाढलं, जरा आपटूनच.

२४ मार्च
सासूबाईंचा फोन. मी बाथरूममध्ये होतो. (फोन वाजल्यावर गेलो.) निरोप : ह्यांना रात्र रात्र झोप नाही, दुकान घालवायची हौस असेल तर स्वतःचं काढा आणि घालवा.
टीका होते, म्हणजे काम पोचतंय.

२७ मार्च
सासऱ्यांनी मला न विचारता जुना बोर्ड परत लावला. गंजलेला. निषेध म्हणून दुकानात गेलो नाही.

२९ मार्च
बायको सांगत आली, दुकानासमोर रांग! उशिरा का होईना, 'पुन्हा.' लागू पडलं. धावत गेलो. प्रत्येकाच्या हातात हे भलंमोठं गाठोडं. एका आजोबांना विचारलं, इतके दिवस कुठे होतात? म्हणाले, अहो, दुकान बंद पडलं असं वाटलं. घरात कपड्यांचा डोंगर झालाय, सून तोंड सोडते.
मार्केटिंगमध्ये याला दबलेली मागणी म्हणतात. ती दाबली कुणी? मी. सासऱ्यांना हे सांगितलं. मान वर न करता म्हणाले, बाजूला व्हा, वाफ लागेल.

३१ मार्च
बायकोने विचारलं, कोण आलं खूश होऊन परत? म्हटलं, अख्खी गल्ली. म्हणाली, तुझ्याकडे?
साहेबांना फोन केला. उद्या नऊला या, म्हणाले. तात्पुरतंच जातोय, ओळखी ताज्या ठेवायला.
ऑफिसचा शर्ट घेऊन दुकानात गेलो. सासऱ्यांनी चिठ्ठी लावून तो ढिगाच्या तळाशी सरकवला. जावयाचं जरा आधी होईल का, विचारलं. म्हणाले, ही गर्दी तुम्हीच आणलीत ना, बापू? गुरुवारी मिळेल.