दुःखाच्या घरापुढून गेलेलं गाणं

आई,

आज पाळकसाहेबांचा फोन आला. आवाज मुद्दाम खाली आणलेला, तेव्हाच ओळखलं काय विचारणार ते. "दादा, यंदा नाताळची प्रभातफेरी तुमच्या घरापुढून गपचूप पुढे नेतो. चलेगा ना?" तुझी सून श्रावणात गेली. घरात कुणी गेलं की वर्षभर सण नाही, ही रीत ख्रिस्ती होऊनही आपल्या लोकांनी काही सोडली नाही. "संध्याकाळी सांगतो," म्हटलं आणि बेकरीवर गेलो. नाताळच्या आठवड्यात तिथे जायला मला कधी निमित्त लागलं नाही. घरोघरची माणसं केक भाजून घ्यायला मैदा, अंडी, मुरंबा डब्यांत भरून आणतात, आणि प्रत्येकाचं एकच: "भैया, हमारा वाला जलना नहीं चाहिए." भट्टी सांभाळून मी चर्चला पोचेपर्यंत शेवटचं गीत चालू झालेलं असायचं. तुझी सून म्हणायची, "तुम्ही येशूचा जन्म कधी पाहिलाच नाहीत. दरवर्षी थेट बारशाला येता." आज दिवसभर भट्टीपुढे हेच कानात होतं, हसू मात्र आलं नाही.

बाबा गेले ते साल आठवलं. मध्यभारत राज्य मोडीत निघालं होतं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, चर्चच्या मंडळीतल्या कितीतरी घरांत बोचकी बांधणं चाललं होतं. बाबांनाही बदलीचा हुकूम आला होता. ट्रंक अर्धी भरून झाली आणि ते तापानं गेले. दिवाळीला शेजारच्या काकूंनी रीतीप्रमाणे आपल्याकडे फराळ आणून दिला, कारण आपली कढई चढणार नव्हती. डिसेंबरातही तू कढई काढली नाहीस. मी म्हटलं, निदान चार करंज्या? तू नुसती मान हलवलीस.

नाताळची पहाट. तू शेगडीपाशी बसली आहेस, मी कामावर निघायला मफलर गुंडाळतोय. गल्लीच्या तोंडाशी ढोलकी, झांजा, गाणं. माझे कान तिखट, तू नेहमी म्हणायचीस. आपल्या भिंतीपाशी येताच ढोलकी थांबली. कुणीतरी "श्श" केलं. मग नुसती पावलं, जपून टाकलेली. आणि आपली भिंत संपल्यावर गाणं पुन्हा सुरू.

तू उठलीस. अनवाणी, शाल न घेता, दार उघडून गल्लीत.

"का हो! या घरी नाही वाटतं जन्मला येशू?"

पुढे कंदील धरलेले मंडळीतले वडीलधारे काका गडबडले. "वहिनी, दुःखाचं घर... आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास नको."

"तो गव्हाणीत जन्मला तेव्हा तिथे कुणी करंज्या तळत होतं का? अंधारात बसलेल्यांकडेच यायचं होतं ना त्याला? अन् तुम्ही नेमकं तेवढंच घर सोडून चाललात!"

काकांनी कंदील खाली ठेवला. शेवटी ढोलकीवाला म्हणाला, "भाभी, चाय तो पिलाओगी?"

"दूध नाहीये. कोरा पी."

सगळे आत आले, उभ्यानंच गायले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाबा खर्ज लावून धरायचे. तेवढी जागा सगळ्यांनी, न ठरवता, मोकळी सोडली. बाबा गेल्यापासून तू रडली नव्हतीस. त्या मोकळ्या जागेत रडलीस, आणि पुढचं कडवं तशीच गायलीस.

ही गोष्ट मी चर्चमध्ये कितीदा सांगितली. छान सांगतो, बायका पदर डोळ्याला लावतात. नाताळ म्हणजे काय ते माझ्या आईनं गल्लीत उभं राहून शिकवलं, असा शेवट करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीवर.

संध्याकाळी पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, "पुढे जाऊ नका. आत या." ते म्हणाले, "दादा, आईंचा विश्वास उतरलाय तुमच्यात." मी हो हो म्हणून फोन ठेवला.

विश्वास नव्हे, आई. नानाखेडा वस्तीतल्या या घरात पहाटे जाग येते तेव्हा फक्त फ्रिजची घरघर ऐकू येते. ती सहन होत नाही. कुणीतरी यावं म्हणून "या" म्हटलं. त्या पहाटे तूही एवढ्यासाठीच ओरडली असशील का, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. आज पहिल्यांदा आलं. पाळकसाहेबांना हे सांगायची छाती होत नाही, आणि तू आता जिथे आहेस तिथे हे धाडायची सोय नाही, म्हणून एवढं लिहिता आलं.