संबोधन एकवचन

३ फेब्रुवारी

कोशाची नवी नोंद माझ्याच गळ्यात पडली! आदिस्लाव भाषेतलं नाम — *येंत्री. अर्थ: नवऱ्याच्या भावाची बायको. म्हणजे जाऊ! घटस्फोटाला तीन आठवडे झाले नाहीत. मी भाड्याच्या खोलीत, आणि तो तिकडे दुसरीला घरात आणून मोकळा! विभागप्रमुख दात काढून म्हणाले, "जावा-जावा आणि उभा दावा! तुम्हाला अनुभव असेलच." मीही हसले. काय करणार!

५ फेब्रुवारी

शब्दाआधी चांदणी. म्हणजे हा कुठे लिहिलेला सापडलेला नाही. रशियन, पोलिश अशा नंतरच्या भाषांवरून आम्ही जुळवलाय. संस्कृतातला यातृ त्याच्याच कुळातला, आणि आपली जाऊ त्या यातृपासून आलेली.

आज गंमत सापडली. *येंत्री, पण षष्ठीला *येंत्रुवे — मध्येच 'व' येतो. आपलंही तेच! जाऊ, जावेचा, जावेला. इतका आनंद झाला — आणि सांगायला घरात चिटपाखरू नाही. धाकटीला फोन केला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. होती. आहे. चौदा वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला आम्ही. तिला षष्ठीतलं काय कळणार? पण म्हणाली, "भाऊजी गेले खड्ड्यात! तुम्ही माझ्या जाऊबाई त्या जाऊबाईच. मरेपर्यंत!" फोन ठेवून रडले. मूर्खासारखी.

८ फेब्रुवारी

व्याख्येवर अडलेय. 'नवऱ्याच्या भावाची बायको.' त्यातला नवरा काढला, तर उरलेले दोघे माझे कोण?

नाही, धाकटी तशी नाही. तोंडाने फटकळ, पण शब्दाला पक्की.

९ फेब्रुवारी

विभक्त्या सगळ्या भरल्या. संबोधन राहिलं.

"प्रथमेसारखंच असतं. भरून टाका," विभागप्रमुख.

मी म्हटलं, जावेला कुणी 'ए जाऊ' म्हणतं का? जाऊबाई म्हणतात. त्यांचंही काहीतरी असेल.

"अहो बाई, ती माणसं कधीच मेली. आता हाक कोण मारतंय?"

मेल्याला काय कळतंय! रागाने चौकट रिकामीच ठेवली.

१२ फेब्रुवारी

धाकटीचा फोन नाही. कामात असेल.

१५ फेब्रुवारी

कोशाच्या चिठ्ठ्यांचा खोका त्या घरी राहिलाय. नोंद उद्या द्यायची, म्हणून संध्याकाळी गेले. जिना चढत होते, तर वरून धाकटीची हाक — "जाऊबाई!"

मी ओ दिली.

माझ्या मागूनही कुणीतरी दिली — "आले गं!" भाजीची पिशवी सावरत ती दुसरी वर येत होती. जिना अरुंद. मी भिंतीला टेकून तिला वाट दिली.