बेटावर काहीतरी शिजतंय

१२ जाने. २००४, सोम. हॅवलॉक.
पुण्याहून मद्रास, पोर्ट ब्लेअर, मग बोट. पोचलो एकदाचे. किनारा मैलभर, माणूस एकही नाही. आमच्या भाड्याच्या झोपड्या सोडल्या तर हॉटेल नाही, टपरी नाही. वाळू पांढरी, पाणी स्वच्छ. एवढी चांगली जागा रिकामी का, हे कोणी सांगत नाही.
अभयला आम्हाला सिंहगडावर न्यायला कधी रजा मिळाली नाही. यंदा त्याच्या आयटी कंपनीने सलग आठ दिवस सोडलं म्हणे. बायकोला, आईला, मला, सगळ्यांना घेऊन अंदमान. काहीतरी शिजतंय.

१३, मंगळ.
सौ. आणि अभय पाण्याच्या कडेने लांब चालत गेले. मी मागोमाग पोचलो तर बोलणं तोडून दोघंही वाळूत बघायला लागले.
"काय चाललंय?"
"काही नाही, शिंपले वेचतोय."
एकाच्याही हातात शिंपला नाही.

१४, बुध.
सौ. माडाखाली बसून मांडीवर बोटं आपटत होती. तबला म्हणावा तर ताल नाही. चार महिने पेठेत मंगळ-गुरु भजनाला जाते. म्हटलं, एखादं नवीन म्हणून दाखव. म्हणे घसा बसलाय. जेवताना मात्र कच्च्या राहिलेल्या बटाट्यावर अर्धा तास बोलली.

१५, गुरु.
चष्मा पुसायला तिच्या पर्समधून रुमाल काढला, कागद पडला. सदाशिव पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासची जाहिरात. 'ज्येष्ठांसाठी ई-मेल, मंगळ-गुरु, ४ ते ५.' म्हणजे हे भजन. मागे पेन्सिलने कीबोर्डचं चित्र, खाली सरावाचं पत्र. इंग्रजी अक्षरांत मराठी: प्रिय अभय, आम्ही मजेत आहोत. तिकडे बर्फ पडतो का?
अभय शेजारच्या झोपडीत झोपलाय. आमच्याच घरात राहतो.
चाललाय तर. हिला चार महिने ठाऊक, मला नाही. राग आला. आणि भीती वाटली, ती जास्त.
कागद होता तसा घडी घालून ठेवला.

१६, शुक्र. उद्या दुपारी परतीची बोट.
संध्याकाळी अभय म्हणाला, "बाबा, सकाळी जरा फिरायला जाऊ या? आपण दोघंच." आवाज दहावीच्या निकालादिवशी होता तसा.
म्हटलं, "नको. गुडघा धरलाय."
"बरं. मग बोटीवर बोलू."
तो गेल्यावर सौ.ने तेलाची बाटली काढली आणि चोळायला बसली. कोणता गुडघा, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.