कोरड्या तळाची बोट

४ मार्च
आले एकदाची! बोट माझी, चावी माझी, आणि दादाच्या घरातली ती जिन्याखालची खोली त्याची त्याला लखलाभ. दादा म्हणाला होता, हसं करून घेशील आणि महिन्याभरात परत येशील. बघच म्हणावं! तलावाच्या या धक्क्यावरून पलीकडच्या धक्क्यावर माणसं न्यायची-आणायची आणि दिवस संपला की केबिनमध्ये तंगड्या पसरून झोपायचं. बाकडं चांगलं ऐसपैस आहे. वहिनी मला 'पिंप' म्हणते, तर पिंपाला साजेसंच मिळालं.

केबिनच्या खुंटीला आधीच्या मालकाचा कातडी पट्टा लटकत होता, दोरीने त्यालाच बांधलेला एक खिळा. खिळ्याने पट्ट्याला भोकं पाडलीत, आत आत सरकत गेलेली. गडी बारीक व्हायच्या मागे लागला होता वाटतं. पट्टा मजबूत आहे, टाकवेना.

६ मार्च
धक्क्यावर मिस्त्रीची शेड आहे. बोटी दुरुस्त करतो आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवतो. आज त्याने फळी उचलून मला तळ दाखवला. प्रत्येक बोटीच्या तळात थोडं पाणी साचतंच, म्हणाला. ते चढलं की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होऊन पाणी बाहेर फेकतो. पंप बिघडला तर हातपंप, तो बिघडला तर बादली, बादलीही नसली तर देवाचं नाव. तळाला एक बूच आहे, ते बोट जमिनीवर ओढल्यावरच काढायचं. पाण्यात काढलंस तर बसशील बोंबलत, असं त्याने डोळे वटारून सांगितलं.

पाणी कुठून येतंय ते कळायला ते चाखायचं म्हणे. गोडं लागलं तर तलावाचं, तेलकट लागलं तर इंजिनाकडचं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाला, बोट घेतलीस ना, मग आता नाकं मुरडू नकोस.

११ मार्च
पंप सारखा चालतोय. सकाळी डोळे उघडायच्या आधी घुर्र, घुर्र. शेवटी नाक दाबून चाखलं. खारट! तलाव गोडा, इंजिन ठणठणीत, मग खारट कुठून? मिस्त्री पोट धरून हसला. तुझाच घाम गळत असेल, म्हणाला. मेल्याला विनोद सुचतात.

तहान मात्र भारी लागते इथे. कळशी तोंडाला लावते तरी घसा कोरडाच. फायदा एवढाच की पँट सैल झालीय. तो पट्टा लावते आता. वहिनीने पाहिलं तर जळून कोळसा होईल!

१५ मार्च
मी अशी तशी हार मानणारी नाही. काल तळ फडक्याने टिपून टिपून कोरडा केला आणि वर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. पाणी जिथून शिरेल तिथून पावडरीत ओघळ दिसणार.

सकाळी पाहिलं. बोटीच्या बाजूंना पावडर जशीच्या तशी. ओघळ निघालाय तो माझ्या बाकड्याखालून. गादी कोरडी, पण खालची फळी ओली. हात लावला तर कोमट.

आईची बांगडी साबण लावल्याशिवाय कधी निघायची नाही. आज हात खाली केला आणि ती घरंगळून पडली.

१८ मार्च
काल मिस्त्रीच्या बायकोने माझं मनगट धरलं आणि दचकून सोडलं. म्हणाली, अगं बाई, नुसती हाडं लागतायत! हट्टाने घरी झोपवलं. जाण्याआधी मी तळ पुन्हा टिपून पावडर टाकली. रात्रभर तहान लागली नाही.

सकाळी बोटीवर आले. तळ खडखडीत. पावडर कोरडी. पंप गप्प.

म्हणजे गळती बोटीला नाही. गळती मला आहे. ही मला पिळतेय, आणि मी अक्कलशून्य बाई, पंप लावून स्वतःलाच तलावात ओततेय.

मिस्त्रीला आधीच्या मालकाबद्दल खोदून विचारलं. धिप्पाड होता, म्हणाला, मग रोडावला. एक दिवस केबिन आतून बंद, आत कोणी नाही. बोट मात्र एकदम कोरडी. हे आधी सांगायला काय जीभ झडली होती?

१९ मार्च
दादाचा निरोप, खोली रिकामी आहे, ये. मिस्त्री म्हणतो, विकून टाक, गिऱ्हाईक आहे. नवं लग्न झालेलं जोडपं बघायलाही आलं. पोरगी गोबऱ्या गालांची. बाकड्यावर बसली, म्हणाली, किती छान, आम्ही इथेच राहू.

मी तिला हाताला धरून उठवलं. विकायची नाही म्हटलं, ती रागावून गेली. रागावू दे.

आयुष्यात पहिल्यांदा काही माझं म्हणून घेतलं आणि तेच मला खायला उठलं. बरं तर. माझी आहेस ना, मग तुझं काय करायचं ते मीच ठरवणार. धक्क्याला बुडवली तर लोक काढतील, विकतील. मध्ये, खोलात नेते.

२० मार्च, भर दुपार
तलावाच्या मध्यावर. लाइफ जॅकेट घातलंय. पोहायला मला कोणी शिकवायला नको. ही वही घट्ट झाकणाच्या डब्यात घालून सोडणार, म्हणजे कोणी ही बोट वर काढायच्या फंदात पडणार नाही.

पंपाची वायर कापली. बूच काढलं. पाणी धो धो आत. चाखलं — गोडं! हसले मोठ्याने. पी, भवाने, पी आता तलाव!

घसा सुकला एकदम. बाकड्याखालून ओघळ — जाड — दिवसाउजेडी —

पंप चालू झाला. वायर कापलेली, तरी घुर्र — घुर्र — चालू दे. बूच तलावात फेकलंय मी. पाणी गुडघ्याला. बुडतेयस तू. दादा, ऐक, मी जिंकले.

आता उडी. जॅकेट खांद्यांवरून निसटतंय — बंद सगळे आवळले, तरी — वरून पट्टा बांधला. शेवटचं भोक. सैल —

हे त्या आधीच्या गड्याचं शेवटचं भोक. माझं नाही. मी पुढचं पाडणार. खिळा — दोरी आहे, दोरीला खिळा —